बागेचा चौथा कोपरा

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. पण ओढ्यात लोळणारा किंवा कुणी कुत्र्यावर भिरकावणारा दगड मी नव्हे. मी हद्दीचा दगड आहे. कुणाची जमीन कुठे संपते आणि कुणाची कुठे सुरू होते, हे मी तोंड न उघडता सांगतो आणि माझी साक्ष सरकारदरबारी चालते. मला थोडा गर्व आहे, हे आधीच सांगून टाकतो. नुसतं उभं राहणं हेच ज्याचं काम, त्याला तेवढा गर्व परवडतो.

दौलताबादच्या बाजूच्या एका खाणीत मी जन्मलो. पाथरवटाने छिन्नीने माझ्या चार बाजू काढल्या आणि डोक्यावर एक फुली कोरली. मग बैलगाडीत घालून मला फकिराबाबांच्या शेतावर नेलं आणि कोपऱ्यावर कमरेइतकं पुरलं. आज तिकडे जायचं तर शहराचा बायपास ओलांडून पलीकडे जावं लागतं. तेव्हा तिथे बायपास नव्हता, शहरही नव्हतं. होती ती ज्वारी, तूर आणि वारा.

शेजारच्या शेतकऱ्याला बांध कोरायची भारी खोड होती. दरवर्षी नांगर थोडा इकडे सरकवायचा आणि विचारलं की आकाशाकडे बघायचा. पण मी उभा राहिल्यापासून त्याची डाळ शिजली नाही. फकिराबाबा माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचे, "ह्यो हाये तवर मला झोप लागती."

त्यांची सून मनकर्णाबाई. नवी नवरी म्हणून ती शेतात आली, तेव्हा सासूने तिला पहिल्यांदा माझ्यापाशी आणलं. पेरणीआधी मला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा आणि दहीभाताचा घास ठेवायचा, अशी त्या घरची रीत होती. शिवेचा देव म्हणायचे ते मला. मनकर्णाबाईने ती रीत एकाही वर्षी चुकवली नाही. एका वर्षी तर ती बाळंतीण होती, तरी दहीभात दुसऱ्याच्या हाती पाठवलाच. भात कावळ्यांनी खाल्ला, पण मान मला मिळाला.

मग शहर आलं. ते एकदम येत नाही, मित्रांनो. आधी रस्त्याच्या कडेला चहाची टपरी येते, मग मुरमाचे टिपर येतात, मग पांढरे बूट घातलेले लोक येऊन शेतात पावलं मोजतात. मनकर्णाबाईचे दोन्ही मुलगे वाळूजला कंपनीत लागले होते. शेत करायला घरात कुणी उरलं नाही. जमीन विकली गेली, तिचे प्लॉट पडले आणि गोकुळविहार नावाची कॉलनी उभी राहिली. मनकर्णाबाईने एक प्लॉट घरासाठी ठेवून घेतला.

आता एक नियमाची गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. जमिनीचे प्लॉट पाडताना सगळी जमीन विकता येत नाही. साधारण दहावा हिस्सा मोकळा सोडावा लागतो, बागेसाठी, खेळण्यासाठी, श्वास घेण्यासाठी. गोकुळविहारचा तो मोकळा तुकडा नेमका माझ्या कोपऱ्यात आला. तीन कोपऱ्यांवर सिमेंटचे नवे खांब रोवले आणि चौथा कोपरा मी. 'समोर बाग होणार' असं सांगून त्या रांगेतले प्लॉट चढ्या भावाने विकले गेले. लोकांनी खिडक्यासुद्धा बागेच्या बाजूला काढल्या. बाग मात्र नकाशातच हिरवी राहिली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. घरं बांधून उरलेला राडारोडा माझ्या अंगावर पडला. मग कचरा, मग मेलेली मांजरं, मग लग्नातल्या उष्ट्या पत्रावळी. एका टिपरने मागे येताना मला धडक दिली आणि माझा एक कान उडाला. सिमेंटचे तिन्ही खांब तर हळूहळू कुणाच्या ना कुणाच्या भिंतीखाली गेले. पेरणी कायमची संपली, तरी मनकर्णाबाई दरवर्षी यायची. नाकाला पदर लावून कचऱ्यातून वाट काढायची आणि मला शेंदूर लावायची. एकदा ती रडलीच. म्हणाली, "माझा देव उकिरड्यात बसलाय, अन् म्या घरात फरशीवर झोपती."

तिचा भाचा बन्सी तेव्हा लासूर स्टेशन गावाहून ट्रॅक्टर घेऊन आला होता. मावशीचे डोळे ओले बघून त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच मला साखळदंड लावला आणि उपटून काढलं. मोकळ्या जागेच्या ऐन मध्यावर एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली मला धुऊन, पुसून बसवलं. ओटा केला, त्याला फरशी बसवली. मनकर्णाबाईने नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाली, "आता सावलीत बस, बाबा." किती बरं वाटलं म्हणून सांगू!

कॉलनीत नवी माणसं येत होती. कुणी पुंडलिकनगरहून भाड्याचं घर सोडून आलं, कुणी खेड्यातून. त्यांना ट्रॅक्टरची गोष्ट माहीत नव्हती. त्यांनी विचारलं, हा देव इथला कधीचा? कुणीतरी म्हणालं, पहिल्यापासूनचा. मग कुणीतरी ओट्यावर रंगाने लिहून टाकलं : 'स्वयंभू देवस्थान'. म्हणजे देव इथे आपला आपण प्रकटला! मनकर्णाबाईने ते वाचलं आणि ती गप्प बसली. कुणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं, पण खरंही कुणी सांगितलं नाही. लोक श्रद्धेने यायचे, ते तिला गोड वाटायचं.

मलाही गोड वाटायचं. परीक्षेच्या दिवसांत माझ्यासमोर पेनं ठेवली जायची. वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर असलेला सुदर्शन नोकरी पक्की व्हावी म्हणून नवस बोलला. नोकरी पक्की झाली आणि पठ्ठ्याने सगळ्या कॉलनीला बुंदी वाटली. पुढे तोच कॉलनीच्या समितीचा सचिव झाला. मी मनात म्हणालो, दगडाचं नशीब फळफळणं म्हणतात ते हेच.

पण ओट्याभोवतीचं सोडलं तर मोकळी जागा अजून राडारोड्यानेच भरलेली होती आणि चालायला जागा नव्हती. मनकर्णाबाई आणि तिची शेजारीण रत्नमाला रोज संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालायच्या. एका मोटारसायकलवाल्याने रत्नमालाबाईंना मागून उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, रोज सपाट वाटेवर वॉकर धरून चाला, नाहीतर अंथरूण धराल. सपाट वाट कुठून आणायची? रत्नमालाबाई गॅलरीत चार पावलं इकडे आणि चार पावलं तिकडे करायच्या. मनकर्णाबाई ते बघायची आणि माझ्यापाशी येऊन म्हणायची, "बाग होऊ दे रे. तिच्यासाठी होऊ दे."

आणि खरंच महापालिकेतून तनुजा नावाची तरुण इंजिनिअर आली. तिने ओट्यापाशीच बैठक घेतली. मग काय, प्रत्येकाची बाग निराळी! कुणाला कारंजं हवं होतं, कुणाला लग्नासाठी मंडप, कुणाला व्यायामाची यंत्रं. एका गृहस्थांना तर बागेत गाड्या लावायला जागा हवी होती. तनुजा हसून म्हणाली, "काका, आपल्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. कारंज्यात काय ओतायचं? हिरवळही नको. कडुनिंब, करंज, बहावा लावू या, थोडक्या पाण्यावर जगतील."

पैशाचंही तिने सोपं करून सांगितलं. भिंत, वाट आणि बाकं महापालिकेच्या निधीतून होतील. झाडं जगवणं आणि राखण कॉलनीने करायची. पण त्याआधी जागेची मोजणी होऊन ताबा मिळाला पाहिजे. वादाच्या जागेवर सरकारी पैसा लागत नाही. मार्चच्या आत काम मंजूर झालं नाही, तर निधी दुसऱ्या वस्तीला जाईल. सुदर्शन छाती ठोकून म्हणाला, "वाद कसला मॅडम? जागा आमच्या डोळ्यांसमोर आहे."

मोजणीला रामप्रसाद नावाचे भूमापक आले. सगळी कॉलनी गोळा झाली. रत्नमालाबाईंनासुद्धा खुर्चीवर बसवून आणलं होतं. शेजारच्या जमिनीवर मोठी इमारत बांधणाऱ्या बिल्डरचा माणूसही हजर होता. रामप्रसादांनी यंत्र उभं केलं आणि म्हणाले, "यंत्राला सुरुवात करायला एक पक्की खूण लागते. तीन खांब तर गेले. जुन्या नकाशात कोपऱ्यावर फुलीचा दगड दाखवलाय. तो कुठे आहे?"

बिल्डरचा माणूस वाटच बघत होता. त्याने ओट्याकडे बोट दाखवलं. "हा काय, साहेब! शेंदूर बाजूला करा, फुली दिसंल. दगड इथं, म्हणजे हद्द इथं. झाडापलीकडची सगळी जागा आमची."

रामप्रसादांनी माझ्या डोक्यावरचा शेंदूर अंगठ्याने पुसला. फुली दिसली. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. जन्मभर मी खरी साक्ष दिली होती आणि आता निम्मी बाग माझ्या साक्षीने चालली होती. सुदर्शन चिडून ओरडला, "दगड हलवलेला असंल कुणीतरी!"

"हलवला?" तो माणूस हसला. "अहो, तुम्हीच लिहिलंय, स्वयंभू. देव आपला आपण इथं प्रकटला ना? मग हलंल कसा? का तुमचा देव खोटा?"

देव खोटा आहे, असं कोण म्हणणार? ज्यांनी नवस फेडले होते, पेनं ठेवली होती, बुंदी वाटली होती, ते सगळे तिथे उभे होते. तनुजाने वही मिटली. ती हळू आवाजात म्हणाली, "असं असेल तर मला वादाची जागा म्हणून लिहावं लागेल." रत्नमालाबाईंनी मान खाली घातली.

मनकर्णाबाई गर्दीतून पुढे आली. इतकी वर्षं कॉलनी तिला देवाची मावशी म्हणून मानत होती. तो मान आता जाणार, हे तिला ठाऊक होतं. पण ती पदर खोचून ताठ उभी राहिली.

"देव खोटा नाय. लिवणं खोटं हाये. ह्यो दगूड म्या आणला इथं. माझ्या भाच्यानं ट्रॅक्टरनं वढून आणला. तिकडं उकिरड्यात व्हता, मला बघवंना."

कुजबूज सुरू झाली. सुदर्शन पुढे सरसावला. "मावशी, एवढी वर्षं बोलल्या नाहीत? मग माझा नवस?"

"नवस ज्याला बोललास त्यानं ऐकला, लेकरा. त्यो कुठं पळून जातोय व्हय? पर ह्यो शिवंचा देव हाये. राखणदार हाये. म्या लाडानं राखणदाराला आणून घरात बसवलं. मग शीव कोण राखंल? चूक माझी झाली. आता उचला त्याला अन् त्याच्या जागी न्या."

बिल्डरचा माणूस म्हणाला, "म्हातारी काहीही बोलंल. पुरावा काय?"

रामप्रसादांनी शांतपणे विचारलं, "आजी, जागा दाखवता येईल?" मनकर्णाबाई चालू लागली आणि अख्खी कॉलनी तिच्या मागे. कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगापाशी ती थांबली. फावडी आली. स्वतः सुदर्शनने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. वरचा कचरा निघाला, राडारोडा निघाला, मुरूम निघाला. मग खाली काळी पूड लागली. रामप्रसाद वाकून बघत म्हणाले, "कोळसा. जुने मोजणीवाले दगडाखाली कोळसा पुरायचे. दगड नेला तरी कोळसा कुजत नाही, जागा सोडत नाही. हाच कोपरा."

बिल्डरच्या माणसाला अचानक कुठलासा फोन आला आणि तो बोलत बोलत निघून गेला. पुन्हा काही फिरकला नाही.

मला ओट्यावरून काढताना मनकर्णाबाईने नारळ फोडला. लोकांनी मिळून मला उचललं. खोटं कशाला बोलू, सावली आणि फरशी सोडताना मला वाईट वाटलं. देवपण एकदा अंगवळणी पडलं की सुटता सुटत नाही. पण कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरलो, पायाखाली तो जुना कोळसा लागला आणि माझी सगळी हुरहुर शांत झाली. यंत्राची पहिली नजर माझ्या फुलीवर लागली आणि तिथून सबंध बाग मोजली गेली.

काम मंजूर झालं. भिंत झाली, सपाट वाट झाली, बाकं आली. कडुनिंबाखालचा ओटा राहिला, त्यावरची अक्षरं सुदर्शनने स्वतः खरवडून काढली. काही दिवस तो मनकर्णाबाईशी नीट बोलत नव्हता. पण दर घरामागे एक टाकी बसवून घराघरातलं भांडी-कपड्यांचं पाणी झाडांना देण्याची युक्ती त्याने काढली आणि पहिल्या टाकीचं पाणी कुणाच्या हातून सोडायचं, हे विचारायला तो तिच्याच दारात गेला.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही अशी एखादी मोकळी जागा असेल. नकाशात हिरवी आणि प्रत्यक्षात कचऱ्याने भरलेली. एकदा तिथे जा. तिचे कोपरे कुठे आहेत ते मोठ्यांना विचारा आणि स्वतः पाहून या. तिथे राडारोडा टाकू नका, कुणाला टाकू देऊ नका. आणि हद्दीचा एखादा दगड दिसला, तर त्याला हवा तर शेंदूर लावा, हवं तर त्याच्यावर बसून भेळ खा, पण त्याला जागचा हलवू नका.

आता रोज संध्याकाळी रत्नमालाबाई वॉकर धरून बागेची फेरी मारतात आणि मनकर्णाबाई त्यांच्या शेजारून चालते. माझ्या कोपऱ्याशी आल्या की दोघी भिंतीच्या कट्ट्यावर टेकतात आणि सुनांबद्दल बोलतात. मनकर्णाबाईचेही गुडघे आता कुरकुरतात. पूर्वी ती माझ्यासमोर हात जोडायची. आता उठताना ती आपला उघडा तळवा माझ्या डोक्यावरच्या फुलीवर रोवते, "चल गं" म्हणते आणि अंगातला सगळा भार माझ्यावर टाकून उभी राहते. मी हलत नाही.