मथुराआत्येच्या नावाने तीस किलोमीटर

बसणी गावापर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग रस्त्याच्या मधोमध एक टेबल आलं. टेबलावर चादर, चादरीवर मथुराआत्येचा फोटो, फोटोला हार आणि बाजूला माईक धरून गंगाराम.

"थांब रे, थांब!" गंगाराम माईकवरूनच ओरडला. सायकलवरचा प्रमोद चार हातांवर होता, तरी माईकवरूनच. "मी तुझ्या आत्येच्या हातचा!"

प्रमोदने करकचून ब्रेक लावला. नाहीतर आत्येच्या फोटोतच शिरला असता.

मथुराआत्या नर्स. तीस वर्षं सायकल हाकत वाडीवाडीत बाळंतपणं केली तिने. गेल्या वर्षी ती गेली, पण त्याआधीची दोन वर्षं गुडघ्यांनी तिला घरात बसवलं होतं. जिथे जन्मभर नोकरी केली त्याच मालगुंडच्या उपकेंद्रात तिला तपासायला न्यायचं तर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं. एकदा खुर्चीचा पाय मोडला आणि आत्या ओट्यावर आपटली. ते प्रमोदच्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून रत्नागिरीतल्या एका सायकल क्लबने गेलेल्या माणसांच्या आठवणीत राइड काढली, तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या प्रमोदने पोट आत घेऊन नाव दिलं. सकाळी सातला रत्नागिरीतून निघायचं, आरे-वारे मार्गे मालगुंड. अकराच्या आत जो पोचेल, त्याच्या माणसाच्या नावाने त्याच्या उपकेंद्राला एक व्हीलचेअर. अट एवढीच, की लिफ्ट घ्यायची नाही, सामान दुसऱ्याच्या गाडीत टाकायचं नाही, आणि अकरा म्हणजे अकरा.

चार तासांत तीस किलोमीटर. आत्येने ते गप्पा मारत केले असते.

घोळ दर्शनाने केला. प्रमोदची बायको. सकाळी तो चहा पीत असताना तिने त्याच्याच फोनवरून लाइव्ह लोकेशन आत्येच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. ग्रुपात माणसं अकरा. पण त्या अकरांनी ते आपापल्या वाडीत कळवलं, आणि आत्येच्या हातून जन्मलेला प्रत्येक जण सत्काराच्या तयारीला लागला.

गंगारामने शाल घातली, नारळ दिला आणि भाषण केलं. स्वतःच्या जन्माचं. त्या दिवशी पाऊस किती होता, होडी कशी मिळाली नाही, सगळं. जसा काही तो पोटातून बघत होता.

"गंगारामभाऊ, मला अकराला पोचायचंय."

"पोचशील रे! पाचच मिनिटं. फोटो घेऊ." फोटो घेतला. शाल उलटी निघाली, दुकानाचं लेबल वर. परत घेतला.

नको म्हणायची सोय नव्हती. प्रमोदला नको म्हणजे आत्येला नको. पुढच्या वळणावर पोहे, त्यापुढे कोकम सरबत, त्यापुढे पुन्हा शाल. आरेच्या चढाला लागेपर्यंत कॅरियरला लावलेल्या पिशवीत सात नारळ होते आणि गळ्यात चार शाली. मे महिना. घामाने शाली जड झाल्या होत्या. बाकीचे सायकलवाले कधीच पुढे निघून गेले होते.

साडेनऊ वाजले. चढावर त्याने दर्शनाला फोन लावला.

"ते लोकेशन तू टाकलंस?"

"मग? लोक विचारतायत, प्रमोद एवढा हळू का जातोय म्हणून. मलाच लाज वाटते."

प्रमोदने फोन ठेवला आणि लोकेशन बंद केलं. सात मिनिटं स्वर्गसुख होतं. आठव्या मिनिटाला समोरून एक रिक्षा, मागून एक टेम्पो आणि कुठूनतरी तीन स्कूटर आल्या. लोकेशन बंद पडलं म्हणजे प्रमोद पडला, असं सगळ्या वाड्यांत झालं होतं.

"कुठे लागलंय?" रिक्षातून उतरत गंगारामने विचारलं. तो बसणीहून आला होता.

"कुठे नाही. मीच बंद केलं."

"असं कसं करतोस रे? बायका रडायला लागल्या तिकडे!" मग सुखरूप सापडल्याबद्दल त्यांनी त्याला आणखी एक नारळ दिला.

वारेच्या उतारावर त्या आठव्या नारळाने पिशवी फोडली. टणाटण उड्या मारत आठही नारळ समुद्राच्या दिशेने सुटले. प्रमोदने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. सायकल एकदम हलकी झाली, वारा लागला, सव्वादहाच वाजले होते. जमतंय, तो मोठ्याने म्हणाला.

भंडारपुळ्याच्या अलीकडे एका स्कूटरवाल्याने त्याला स्कूटर आडवी घातली. पायात नारळ, मांडीवर नारळ. "काका, तुमचे नारळ पडले होते! सहाच मिळाले. दोन पार खाली गेलेत, माणूस पाठवलाय. जरा थांबा."

"तुला राहू देत ते!"

"छे! आत्येच्या नावाचे नारळ आम्ही ठेवू?" त्याने एकेक करून सगळे प्रमोदच्या शालीत बांधले आणि गाठोडं कॅरियरवर चढवलं. शालीचं उरलेलं टोक लोंबत होतं, हे दोघांनाही दिसलं नाही. चेनला मात्र दिसलं. शंभर पावलांवर चेनने शाल ओढून घेतली, चावली, आणि कट्‌ करून तुटली.

पुढचे तीन किलोमीटर प्रमोद सायकल ढकलत पळाला. लिफ्ट नाही, म्हणून मागून येणाऱ्या रिक्षा, टेम्पो, स्कूटर सगळे त्याच्याच वेगाने, हॉर्न वाजवत येत होते. समोरून बघणाऱ्याला वाटावं, चोर पकडलाय.

उपकेंद्राच्या अंगणात शेवटची रेघ मारली होती. तिथे क्लबचा सलिल उभा. पोरगा अठ्ठावीसचा, मनगटावर बशीएवढं घड्याळ.

"अकरा नऊ," सलिल म्हणाला. "सॉरी काका. रूल इज रूल."

प्रमोद बोलायला गेला, पण तोंडातून नुसती हवा आली. मागचा सगळा लोंढा मात्र बोलायला लागला.

"आम्ही थांबवलं त्याला!"

"मग तुमच्यामुळेच गेली चेअर," सलिल म्हणाला. गंगारामने मान खाली घातली.

पायरीवर कमलाबाई बसली होती. आत्येबरोबर सुईणपण केलेली, आता ऐंशीची, काठीशिवाय उठता न येणारी. तिने सलिलकडे निरखून बघितलं.

"कोणाचा रे तू?"

"नेवऱ्याचा, आजी."

"आईचं नाव?"

"हेमा."

"हेमाचा? मग तू तो पायाळू, पायांकडून आलेला!" कमलाबाईने काठी आपटली. "सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत अडून बसला होतास मेल्या! मथुरा जेवली नाय, बसली नाय. ती बोलली काय तुला, वेळ संपली, जा परत?"

अंगणात एवढा हशा झाला की उपकेंद्रातली पेशंट माणसं खिडकीला आली. सलिलचे कान लाल झाले. त्याने एकदा घड्याळाकडे बघितलं. मग कागदावर मथुराआत्येचं नाव लिहिलं, पुढे वेळेची जागा मोकळी सोडली आणि गाडीतून व्हीलचेअर काढली.

"फोटो पाठवावा लागेल," तो म्हणाला. "काका, जरा बसता?"

प्रमोद बसला. आज पहिल्यांदाच कोणीतरी कामाचं काही सांगितलं होतं. फोटो झाला. शाल उलटी नव्हती.

"उठ आता," कमलाबाई म्हणाली. "माझे गुडघे दाखवायचेत. डॉक्टर बारापर्यंतच आहेत."

प्रमोदने उठायला जोर लावला आणि किंचाळला. "मावशी, उठता येत नाय! दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेत!"

कमलाबाईने त्याच्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, मग हातातल्या केसपेपरकडे बघितलं.

"ढकल रे ह्याला आत," ती सलिलला म्हणाली. "पण सांगून ठेवते, नंबर माझा पहिला हाय."