आवाज तीनच्या आत

घरात तिला सगळे ‘नवी’ म्हणत. लग्नाला चार वर्षं झाली, पदरात अडीच वर्षांचं पिल्लू आलं, तरी ती आपली नवीच. तर ही नवी त्या दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटरसमोर बसली, कानाला हेडफोन लावला, परीक्षेच्या पानावरचं ‘आवाज तपासा’ हे बटण दाबलं आणि तिला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती.

परीक्षा तीन वाजता होती. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाले की आपली टिपणं बोलून रेकॉर्ड करतात. ती ऐकून टाइप करणारी माणसं एका कार्यालयाला हवी होती. काम घरी बसून, सकाळी नऊ ते एक. चाळीस मिनिटं ऐकायचं आणि टाइप करायचं. नव्वदच्या वर गुण पडले तर काम, नाही तर वर्षभर पुन्हा अर्ज करायचा नाही. फोनवरून परीक्षा चालणार नाही, असं त्यांनी ठळक अक्षरांत बजावलं होतं. पिल्लू झाल्यापासून नवीनं पाच ठिकाणी अर्ज केले होते आणि पाचही ठिकाणांहून गोड शब्दांत नारळ मिळाला होता. ही सहावी खेप. हे काम आपल्याच हाताचं आहे, असं तिला आतून वाटत होतं, म्हणून तर जीव असा टांगणीला लागला होता.

शिवाय सगळं गुपचूप चाललं होतं. नवऱ्याला ठाऊक होतं, सासूबाईंना नाही. सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला तरी सगळी गल्ली त्यांना ऑपरेटरबाईच म्हणायची. गेल्या वर्षी नवीनं नोकरीचा विषय काढला तेव्हा त्या नुसतं “हं” म्हणाल्या होत्या. या एका अक्षरावर नवीनं रात्रंदिवस डोकं चालवलं आणि शेवटी ठरवून टाकलं की बाईंना ते पसंत नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तिनं फोन लावला तेव्हा तो कुठल्याशा इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत होता.

“अगं, रविवारी फॉरमॅट मारला ना मी, तुझ्या परीक्षेसाठी. वेगात चालावा म्हणून. साउंडचा ड्रायव्हर टाकायचा राहिला असेल.”

“राहिला असेल?”

“साउंड कार्डाचा खोका कपाटावर आहे, त्यात सीडी आहे. टाक ती. पाच मिनिटांचं काम.”

जगातली सगळी पाच मिनिटांची कामं ज्यांनी सांगितली त्यांनाच करायला लावली पाहिजेत. ड्रायव्हर म्हणजे पोटातल्या कार्डाशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारा प्रोग्रॅम, एवढं नवीला माहीत होतं. खोका सापडला, सीडीही सापडली. सीडीचा कप्पा मात्र हटून बसला. त्याच्या बारीक भोकात टाचणी घालून त्याला बाहेर काढावं लागलं. मग पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली, सरकत सरकत शेवटाला गेली, आणि अक्षरं उमटली: ‘हे उपकरण या कॉम्प्युटरमध्ये सापडले नाही.’

“काढून टाक, रीस्टार्ट कर, पुन्हा टाक,” नवरा फोनवर म्हणाला.

म्हातारा कॉम्प्युटर बंद होऊन चालू व्हायला सहा मिनिटं घ्यायचा. नवीनं काढलं, रीस्टार्ट केलं, पुन्हा टाकलं. सापडले नाही. परत काढलं, परत टाकलं. सापडले नाही. यादीत साउंडच्या जागी पिवळा त्रिकोण तसाच बसलेला, आत उद्गारचिन्ह.

“मग कार्डच उडालं असेल,” असं म्हणून नवऱ्यानं हात टेकले आणि लगेच रेंजही गेली.

दोनला पाच मिनिटं कमी होती. नवी हेडफोन मांडीवर घेऊन बसली. तिला रडू येत होतं आणि रडायलाही वेळ नव्हता.

“पाऊण तास बटणं बडवते आहेस,” दारातून आवाज आला. “काय ऐकू येत नाहीये?”

ऑपरेटरबाई दुपारच्या झोपेतून उठून उभ्या होत्या. नवीनं एका दमात सगळं ओकून टाकलं: परीक्षा, डॉक्टर, तीन वाजता, सीडी, त्रिकोण. शेवटी म्हणाली, “तुम्हाला पसंत पडणार नाही म्हणून सांगितलं नाही, आई.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “ते मागनं बघू. तास आहे आपल्याकडं. ऊठ.”

नवीनं वर पाहिलं. बाईंचे डोळे चमकत होते. गुडघे धरून जिना चढणारी ही बाई खुर्ची ओढून अशी पुढं सरकून बसली की नवीला आपोआप बाजूला व्हावं लागलं.

“लाइन मेली की सगळे म्हणायचे एक्स्चेंज बिघडलं. कधी नसायचं बिघडलेलं. कुठंतरी एक जोड सुटलेला असायचा. आपण या टोकापासून निघायचं, एकेक जोड बघत जायचं, आणि बघून झाला की मोठ्यानं बोलायचं. मनात बोललेलं चालत नाही. मनात बोललेलं माणूस विसरतं.”

पहिल्यांदा हेडफोन. बाईंनी तो स्वयंपाकघरातल्या रेडिओला लावला. कुणीतरी रडक्या सुरात हवामान सांगत होतं.

“हेडफोन चालू,” बाई म्हणाल्या. “म्हण.”

“हेडफोन चालू,” नवी म्हणाली. तिला उगाच शाळेत असल्यासारखं वाटलं, पण छाती जरा हलकी झाली.

मग स्पीकर. बाईंनी त्याची वायर कॉम्प्युटरमधून उपसली, बटण पूर्ण फिरवून आवाज वाढवला आणि पिनेच्या टोकाला बोट लावलं. स्पीकर घुर्रर्र करून गुरगुरला.

“स्पीकर चालू,” नवी स्वतःहून म्हणाली.

“आता राहिलं पोटातलं. उघड त्याला.”

“त्यानं सांगितलंय, डब्याला हात लावू नको म्हणून.”

“त्याला मी जन्माला घातलंय. मी बघते त्याच्याकडे. आधी वीज काढ.”

स्क्रू-ड्रायव्हर चष्म्याच्या घरात निघाला. हे ऐकून बाहेरचा माणूस चक्रावेल, पण या घराची ती रीतच होती. ऑपरेटरबाई धड खोका कधी टाकत नसत. एखादी वस्तू घरातून गेली की तिचा खोका मागं राही, आणि त्यानंतर येणारी पहिली वस्तू त्यात राहायला जाई. बटणं चॉकलेटच्या डब्यात, चॉकलेटं थर्मासच्या खोक्यात, थर्मास देवाला ठाऊक कुठं. खोक्यावर काय छापलंय ते या घरात कुणी वाचतच नसे, सगळं पाठ. फक्त साउंड कार्डाच्या खोक्यावर नवरा-बायकोनं डोळे झाकून विश्वास ठेवला होता, कारण त्यात चक्क साउंड कार्डाचीच सीडी निघाली.

झाकण निघालं. आत बोटभर धूळ. बाईंनी फुंकर मारली आणि दोघींना शिंका आल्या. नवीनं टॉर्च धरला, भिंग धरलं, आणि हिरव्या कार्डावरच्या सगळ्यात मोठ्या काळ्या चिपवरचा नंबर वाचला.

“आठ, सात, तीन, आठ.”

“आठ, सात, तीन, आठ,” बाईंनी परत म्हटलं. “आता खोक्यावरचा.”

“पाच, एक...” नवी थांबली. “आई, हा नंबर वेगळाय.”

बाईंनी कपाळावर हात मारला.

“हा खोका जुन्या कार्डाचा. ते जळालं. पिल्लू झालं त्याच महिन्यात. त्यानं नवं कार्ड आणून बसवलं आणि विसरला. त्या महिन्यात त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. नव्याचा खोका दुकानातूनच फाटका आलेला, तो मी टाकला. जुना चांगला होता, म्हणून ठेवला सीडीसकट. माझीच चूक ही.”

सासूच्या तोंडून हे वाक्य नवीनं चार वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, पण त्याचा सोहळा करायला सवड नव्हती. म्हणजे कार्ड मेलेलं नव्हतं. तासभर त्या बिचाऱ्याशी भलत्याच भाषेत बोलणं चाललं होतं. नवीनं फोनवर तो नंबर शोधला. ज्या पानावर त्याचा ड्रायव्हर मिळायचा ते पान कधीच बंद पडलेलं. दोन वाजून वीस मिनिटं.

“नव्याची सीडी टाकलीत तुम्ही?”

“मी सीडी टाकीन?” बाईंना ते लागलंच. त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. “पिल्लू झालं तो महिना. त्या महिन्यात घरातून काय गेलं?”

“जुना पंखा?”

“तो नंतर. पंख्यात तुझी पुस्तकं आहेत.”

“इस्त्री,” नवी एकदम म्हणाली. “इस्त्री जळाली होती. दुपट्यांना इस्त्री करताना.”

बाईंनी डोळे उघडले. “माळ्यावर. डाव्या हाताला, मागं.”

नवी स्टुलावर चढली. बाईंनी स्टूल धरलं आणि खालून हुकूम सोडायला सुरुवात केली. इस्त्रीच्या खोक्यात पिल्लाचे पहिले मोजे निघाले, चार मेणबत्त्या निघाल्या, सेल नसलेलं एक घड्याळ निघालं आणि अगदी तळाशी एक पाकीट. त्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘कॉम्प्युटरचं काहीतरी.’

दोघी स्टुलावरून आणि स्टुलाखालून हसत सुटल्या. पण हात थांबले नाहीत. झाकण लावायला वेळ नव्हता, वायरी परत खोचल्या आणि कॉम्प्युटर पोट उघडं टाकूनच चालू केला. टाचणी, कप्पा, सीडी. हिरवी पट्टी सरकू लागली. नवी बोटं चावत होती. बाई पडद्याला नाक लावून होत्या, जणू नजरेनंच ती पट्टी ओढत होत्या. पट्टी शेवटाला गेली. या वेळी ‘सापडले नाही’ आलं नाही. ‘रीस्टार्ट करा’ आलं.

ती सहा मिनिटं नवी जन्मात विसरणार नाही. दोन पंचेचाळीस. दोन सेहेचाळीस. पडदा काळा, पडदा निळा, आणि एकाएकी कॉम्प्युटर चालू झाल्याची ती धून अशी दणाणली की खिडकीची तावदानं थरथरली. मघाशी स्पीकरचं बटण पूर्ण फिरवलेलं होतं, ते दोघीही विसरल्या होत्या.

“आवाज चालू,” ऑपरेटरबाईंनी जाहीर केलं.

नवीनं सासूला मिठीच मारली. आणि आतल्या खोलीत पिल्लानं जागं होऊन भोकाड पसरलं.

आवाज आला तो असा दोन्ही बाजूंनी. तीनला अकरा मिनिटं होती. बाईंनी पिल्लाला उचललं, त्याची पाण्याची बाटली काखोटीला मारली आणि दाराशी जाऊन मागं वळल्या.

“मी याला घेऊन खाली बसते. बेलची वायर काढून जाते. आणि एक ऐक. मला पसंत नाही असं तुला कुणी सांगितलं?”

“तुम्ही ‘हं’ म्हणालात.”

“पिल्लाला सकाळी सांभाळायचं कसं, याचा विचार करत होते. विचार करताना माणूस ‘हं’ म्हणतं. वर्षभर वाट बघतेय मी, तू पुन्हा कधी विचारतेस याची.”

दार बंद झालं. नवीनं डोळे पुसले, हेडफोन लावला आणि बरोबर तीन वाजता तिच्या कानात एक डॉक्टर खाकरला.

चाळीस मिनिटं तिला दुसरं जगच नव्हतं. एक डॉक्टर बोलताना काहीतरी चघळत होता, दुसरा इतक्या घाईत होता की वाक्याचं शेपूट तोंडातच गिळायचा, तिसऱ्या बाई औषधांची नावं उखाणा घेतल्यासारखी लाजत सांगत होत्या. नवीची बोटं सगळ्यांच्या मागं पळत होती आणि तिला कळत होतं की ती पोचते आहे. दमून नाही, मजेत पोचते आहे. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर एक चक्र फिरलं, थांबलं, आणि आकडा आला.

ती अनवाणीच खाली धावली. बाई शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, पिल्लू खांद्यावर झोपलेलं.

“चौऱ्याण्णव.”

“सहा कुठं गेले?” बाई म्हणाल्या. मग त्या पिल्लाच्या पाठीवर थोपटत राहिल्या, जरा जास्तच जोरात.

वर आल्यावर पिल्लाला निजवून त्या कॉम्प्युटरपाशी घुटमळल्या. परीक्षेच्या पानावर सरावाचं एक रेकॉर्डिंग होतं, खाली त्याच्या मजकुरासकट. नवीनं ते लावलं आणि हेडफोन त्यांच्या पुढं केला.

हेडफोन कानाला लागल्याबरोबर बाईंची पाठ ताठ झाली. एक हात आपोआप कानाशी गेला. “रुग्ण पुरुष, वय बासष्ट,” त्या म्हणू लागल्या, डॉक्टरच्या अर्धा शब्द मागून, एकदाही न अडखळता. “उजव्या गुडघ्याला सूज, तीन आठवडे. रात्री वेदना वाढतात.” नवी पडद्यावरचा मजकूर बघत होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. रेकॉर्डिंग संपलं तरी बाईंनी हेडफोन काढला नाही.

“एकतीस वर्षं माणसं जोडून दिली,” त्या म्हणाल्या. “जोडलं की आपण बाजूला व्हायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, असा नियम. मी एकदाही मोडला नाही. पण सुरुवात कानावर पडायचीच ना. ‘आई, एक सांगायचंय’, एवढं ऐकून सोडून दिलेलं. ‘डॉक्टर काय म्हणाले’, एवढं ऐकून सोडलेलं. पुढं काय झालं, कुणाचंच कळलं नाही मला. इथं शेवटपर्यंत ऐकू देतात?”

“ऐकावंच लागतं, आई. तेच काम आहे.”

“वयाची अट आहे का गं त्यांची?”

नवीनं ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. यात चूक होऊन चालणार नव्हतं.

“कुठंच नाहीये.”

ऑपरेटरबाईंनी खुर्ची पुढं ओढली, दोन्ही हातांची एकेक तर्जनी कीबोर्डवर ठेवली आणि म्हणाल्या, “मग आधी ‘अ’ कुठाय ते दाखव.”