भिंगरीच्या खोलीतला संगणक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. माझा रंग एके काळी पांढरा होता. आता तो चहात बुडवून काढल्यासारखा झाला आहे.

माझा जन्म नांदेडचा. जिलानीभाईंनी आपल्या लहानशा दुकानात २००४ साली सुटे भाग जोडून मला तयार केले. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाले, "जा बेटा, लातूरला जा. तिथं लोक लई शिकतात."

लातूरला मी शंकरप्पा सरांच्या शिकवणी वर्गात दाखल झालो. कंधार, जळकोट, हिमायतनगर, कुठून कुठून मुले डॉक्टर व्हायला येत. आठ वर्षे माझ्यातून फक्त प्रश्नपत्रिका निघाल्या. प्रश्नाला पर्याय चार, त्यांतला बरोबर एक. जगातल्या सगळ्याच गोष्टींना चार पर्याय असतात, असे मला वाटू लागले होते.

शेवटची काही वर्षे त्या प्रश्नपत्रिका रूपाली टाइप करायची. तीही डॉक्टर व्हायलाच आली होती, पण तिचा नंबर लागला नाही. पुढे वर्गात नवी यंत्रे आली आणि सरांनी मला तिला देऊन टाकले. जिलानीभाईंचा मुलगा रिजवान तेव्हा लातूरलाच संगणक शिकत होता. दोघांनी मिळून एका खोलीत खेळ बनवण्याची कंपनी काढली. पुठ्ठ्यावर 'भिंगरी' असे लिहून तो दाराला टांगला. खेळ बनवणारे ते दोघेच, लोकांच्या मोबाइलपर्यंत पोचवणारेही तेच, आणि तक्रारी ऐकणारेही तेच.

त्यांचा पहिला खेळ शिकवणीचा होता. एका मुलाने सायकलवरून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात वेळेत पोचायचे, आणि मध्येच मेसचा डबाही गाठायचा. उशीर झाला की एक पोट सुटलेला मास्तर फाटक लावून घेई. वसतिगृहांतून तो खेळ वाऱ्यासारखा पसरला. एक दिवस शंकरप्पा सर स्वतः आमच्या खोलीवर आले.

"फाटक लावून घेणारा हा मास्तर मीच ना?" त्यांनी विचारले. "एवढं पोट हाय का माझं?"

"सर, आधी याहून मोठं होतं," रिजवान म्हणाला. "रूपालीनं कमी करायला लावलं."

सर हसले आणि बसून तीन डाव खेळले. तिन्ही वेळा त्यांच्यासमोरच त्यांचे फाटक बंद झाले. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग रूपालीने दुसरा खेळ मनावर घेतला. १९९३ च्या भूकंपात तिचे गाव पडले, तेव्हा ती तीन वर्षांची होती. लोकांना दुसरीकडे नवे गाव बांधून मिळाले. सरळ रस्ते, सारखी घरे. जुन्या गावाचा एकही फोटो कोणाकडे उरला नव्हता. ते होते फक्त तिच्या आजीच्या, सरजाबाईंच्या डोक्यात. रूपाली दर रविवारी नव्या गावी जाई, आजीला विचारून कागदावर बोळ काढून आणी आणि माझ्या पडद्यावर उभे करी. "गुरुपादप्पाच्या दुकानाची पायरी फुटकी होती, ती नीट काढू नको," असे आजी बजावत.

नियम रिजवानने केले. दोन मिनिटांचे घड्याळ. भूकंप होण्याआधी घराघरांतून माणसे बाहेर काढायची. सगळी निघाली तर तुम्ही जिंकलात. मी पडलो यंत्र. मलाही ते बरोबर वाटले.

अर्धे गाव झाल्यावर सरजाबाई लातूरला आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. बाणाच्या कळांवर दोन बोटे ठेवून त्या हळूहळू चालू लागल्या.

"अगं माय, ह्यो तर आपला बोळ हाय."

"आजी, घाई करा," रिजवान म्हणाला. "घड्याळ चालून राहिलंय."

"चालू दे की. मी काय बस धरायला निघाले का?"

त्या एका दारापाशी जाऊन थांबल्या. ते शिवगंगाचे घर होते. शिवगंगा त्यांची धाकटी जाऊ, भूकंपात गेलेली. सरजाबाई तिथून हलेनात. वेळ संपली. माझा पडदा थरथरला, भिंती पडल्या आणि मोठी अक्षरे आली. सरजाबाई भूकंपानंतर, पत्र्याच्या शेडात राहत असताना, पन्नाशी उलटल्यावर अक्षरे शिकल्या होत्या. त्यांनी एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचले, "तु... म्ही... ह... र... ला... त."

मग त्यांनी कळांवरची बोटे उचलली.

"आम्हाला कुठं घड्याळ दिलं होतं, रूपाली?" त्या म्हणाल्या. "शिवगंगा आत राहिली, म्हणून मी हरले का?"

पिशवी उचलून त्या बसस्टँडकडे निघून गेल्या. त्यानंतर रूपालीने गावाचे काहीही विचारले की एकच उत्तर मिळे, "आता काय बी आठवत न्हाई." उरलेले अर्धे गाव त्यांच्याबरोबर बंद झाले.

"घड्याळ काढ," रूपाली रिजवानला म्हणाली.

"चार महिने घालवले मी त्यावर. ते काढलं तर खेळात उरतं काय?"

"गाव."

रिजवान रागावून गेला तो दोन दिवस फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला, माझ्यासमोर बसला आणि ते घड्याळ ओळीओळीने पुसू लागला. मग दोघेही आजीकडे गेले. तिथे काय झाले, ते परतल्यावर रूपालीने हसत आणि डोळे पुसत फोनवर आपल्या आईला सांगितले, तेच मी ऐकले. रिजवान म्हणाला होता, "आजी, घड्याळ काढलं, ती अक्षरंही काढली, भूकंपही काढून टाकला." आणि आजी म्हणाल्या होत्या, "भूकंप बी काढला? लई मोठा माणूस झालास की रे."

सरजाबाई आठ दिवस आमच्या खोलीत येऊन राहिल्या. उरलेली घरे त्यांनी सांगितली. कोणाचे कुत्रे कोणाच्या ओट्यावर निजायचे, तेसुद्धा. नव्या खेळात जिंकायचे काही नव्हते. दार वाजवायचे, माणसांशी बोलायचे, वाटेल तेव्हा निघायचे. तो खेळ फार लोकांनी घेतला नाही. पण नव्या गावातल्या मुलांनी तो आपल्या आजी-आजोबांच्या हातात दिला.

आज मी टेबलाखाली आहे. माझ्यावर जुनी चादर आहे आणि चादरीवर धूळ. सरजाबाई आता नाहीत. नव्या मोबाइलवर तो खेळ चालत नाही. तो आता फक्त माझ्यात चालतो. मागच्या महिन्यात भंगारवाला दारात आला, तेव्हा रिजवानने माझ्याकडे पाहिले आणि दार लोटून घेतले.

खेळ पूर्ण झाला तो दिवस मला आठवतो. सरजाबाई शिवगंगाच्या घरात शिरल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या. बसची वेळ झाली म्हणून रूपालीने माझ्या बटणाकडे हात नेला.

"बंद नको करू, बाई," सरजाबाई पिशवी काखेत मारत म्हणाल्या. "शिवगंगानं चुलीवर वरण ठेवलंय."

रूपालीने हात मागे घेतला. त्या दिवशी मला कोणी बंद केले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने यंत्र असेल. ते भंगारात देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. त्यात त्यांचे कोणी बसलेले असेल.