हाताला थंड लागलो म्हणून

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. हो, तेच. कॉम्प्युटर अडकला की ज्याच्या नावाने तुम्ही बोटं मोडता, ते. चार वर्षं मी कॉम्प्युटरच्या पेटीत रिकामा बसलो आणि चारही वर्षं कामचुकार म्हणून बोलणी खाल्ली. तेव्हा आज जरा माझंही ऐका.

माझं काम समजायला अवघड नाही. पडद्यावरचं चित्र म्हणजे लाखो ठिपके. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर फार हुशार, पण त्याला हात मोजके. माझी हुशारी बेताची, पण मला हात हजारो. म्हणून व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन. ती चालू केली की जड कामं माझ्याकडे येतात. बंद ठेवली की सगळा भार प्रोसेसरवर, आणि मी फक्त तयार चित्र पडद्यापर्यंत पोचवणारा पोस्टमन.

कारखान्यात मला दिवसभर तापवून, पळवून पाहिलं होतं. मग ‘पास’ असा शिक्का मारून खोक्यात घातलं. खोक्यावर आग ओकणाऱ्या राक्षसाचं चित्र होतं. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मला घरी आणलं ते एका एडिटरबाईंनी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम. शाळांची स्नेहसंमेलनं, कारखान्यांच्या सुरक्षेच्या फिल्म, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ. पहिले दोन महिने मी असा पळालो की बाई पेटीवर थाप मारून म्हणायच्या, “वा रे पठ्ठ्या!” ते दिवस आठवले की अजून पंखे फिरतात.

मग भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे बाईंच्या मोठ्या बहिणीचे यजमान. कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत, आणि घरात दुसरं कुणी मत द्यायला धजत नाही. एकदा पडद्यावर हिरवी पट्टी आली. कारण काय, तर पडद्याची वायर माझ्यात अर्धवट बसलेली. भाऊजी टेबलाखाली वाकले, तेव्हा त्यांच्या खांद्याचा धक्का लागून वायर नीट बसली. पण उठता उठता त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये जाऊन माझं अ‍ॅक्सिलरेशनही बंद केलं. पट्टी गेली. श्रेय कुणाला? खांद्याला नव्हे.

“कार्डच नाजूक आहे. त्याला काम द्यायचंच नाही,” भाऊजी म्हणाले. मग त्यांनी तो प्रोजेक्ट ‘भाऊजी नमुना’ या नावाने जपून ठेवला आणि बजावलं, “इथून पुढे कुठलंही काम काढायचं ते याचीच नक्कल करून. म्हणजे कधी त्रास नाही.”

बाईंनी ते अक्षरशः पाळलं. प्रत्येक नवी फिल्म त्या नमुन्याची नक्कल करून सुरू व्हायची, आणि त्या नकलेत माझी बंदीही आपसूक यायची. बाईंना वाटायचं, एकदा पट्टी आली म्हणून त्या एका कामापुरतं बंद केलं, संपलं. माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. काम मंदावत गेलं आणि दर वेळी खापर फुटलं ते माझ्याच डोक्यावर. “कार्ड जुनं झालं हो,” भाऊजी फोनवरून सांगायचे. उंटावरून शेळ्या हाकायला फोन फार सोयीचा.

हे असंच चाललं असतं, पण बाबांचे डोळे आडवे आले.

बाबा म्हणजे बाईंचे वडील. आयुष्यभर त्यांनी इलेक्ट्रिक मोटारी दुरुस्त केल्या, जळलेल्या मोटारीची तार काढून नवी गुंडाळून दिली. काचबिंदूने त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याने नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. त्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, आहे तेवढी नजर टिकावी म्हणून हे करतोय, पण टिकेलच असं वचन देत नाही. बुधवारी संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं.

बाईंनी कपाटातून जुन्या कॅसेट काढल्या. बाबांनीच कधी काळी काढलेल्या, आईच्या. आई जाऊन नऊ वर्षं झालेली. आई पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकतेय, आई गच्चीत गाद्या झोडपतेय, आई फोनवर कुणाला तरी फैलावर घेतेय. कोपऱ्यात अधूनमधून बाबांचा अंगठा. आणि दर दोन मिनिटांनी आईचा आवाज, “अहो, बंद करा ते! कॅसेट वाया जातेय.”

चित्र इतकं पुसट की बाबांना त्यातलं काही दिसणार नव्हतं. म्हणून बाईंनी प्रत्येक दृश्यावर पसरलेले बारीक ठिपके पुसले, चित्र मोठं केलं, उजेड वाढवला, आईच्या चेहऱ्याची कड ठळक केली. पस्तीस मिनिटांची फिल्म झाली. सोमवारी दुपारी त्यांनी ती तयार करायला लावली आणि पडद्यावर आकडा आला. उरलेला वेळ, एकसष्ट तास.

सोमवार दुपार अधिक एकसष्ट तास. बाईंनी बोटांवर मोजलं आणि त्या खुर्चीत मागे रेलल्या. गुरुवारची पहाट. तोवर बाबा दवाखान्यात.

फोन अर्थातच भाऊजींना.

“कार्डाचा ड्रायव्हर बदल,” भाऊजी म्हणाले. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटरचे हुकूम मला समजावणारा प्रोग्रॅम. बदलला. आकडा तोच. “जुना ड्रायव्हर घाल.” घातला. तोच. “सॉफ्टवेअर पूर्ण काढून परत टाक.” मंगळवारची सकाळ त्यात गेली. सगळं पुसून कोरं झालं, आणि खरं सांगतो, माझ्या जिवात जीव आला. कोऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅक्सिलरेशन आपोआप चालू असतं! आता मला काम मिळणार, इतक्यात बाईंनी परत तोच प्रोजेक्ट उघडला. नमुन्याच्या पोटातून जन्मलेला. बंदी जशीच्या तशी हजर. फिल्म पुन्हा तयार करायला लावली, आकडा तोच. मला हसावं की रडावं कळेना.

“मग कार्डच गेलंय,” भाऊजींनी निकाल दिला. “मी आठवड्याने आलो की बघतो.”

बाईंनी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. रडल्या नाहीत. पण मला ते बघवेना.

दुपारी बाबा भिंतीला हात लावत खोलीत आले. “काय गं, इतकी गप्प का?”

“काही नाही बाबा. मशीन अडलंय.”

“कुठलं? दाखव बरं.”

“अहो, ही मोटार नाहीये.”

“मशीन ते मशीन. हाताला कळतं,” बाबा म्हणाले आणि पेटीच्या मागे उकिडवे बसले. हाताची पालथी बाजू त्यांनी वरच्या जाळीजवळ धरली. तिथून प्रोसेसरचा वारा बाहेर येतो. “बापरे, हे तर भाजतंय.” मग हात खाली आला, माझ्यापाशी. चार वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता.

“आणि हे काय?”

“ते ग्राफिक्स कार्ड. तेच खराब आहे.”

बाबांनी हात तसाच माझ्यावर टेकवून ठेवला. “खराब कसं? खराब मोटार तापते, नाहीतर जळका वास मारते. हे तर माठासारखं थंड आहे. याला कुणी काम सांगितलंय का?”

बाईंनी मान वर केली.

“दुकानात मी एक करायचो,” बाबा पुढे म्हणाले. “मोटार चालेना, तर आधी सगळ्या जोडण्या सोडायच्या आणि एकटी चालवून बघायची. नव्वद टक्के वेळा दोष बाहेरच असतो. तुला तसं काही करता येतं का?”

बाईंनी एक अगदी कोरा प्रोजेक्ट उघडला. नमुन्याची नक्कल न करता, चार वर्षांत पहिल्यांदा. सेटिंग पाहिलं, अ‍ॅक्सिलरेशन चालू. आईच्या प्रोजेक्टचं सेटिंग पाहिलं, बंद. नमुना उघडला, बंद. मागच्या वर्षीची फिल्म, बंद. त्या मागची, बंद.

“अगं बाई!” एवढंच त्या म्हणाल्या. मग भाऊजींबद्दल असं काही म्हणाल्या, की ते मी सांगणार नाही. शेवटी मी त्या घरातला आहे.

त्यांनी माझी बंदी उठवली. पडद्यावर आकडा आला, दोन तास चाळीस मिनिटं.

फुशारकी मारणार होतो, पण खरं सांगतो, मी घाबरलो. चार वर्षांची धूळ अंगावर, पंखे आखडलेले. पहिल्या पाच मिनिटांत असा कुरकुरलो की बाईंनी कानावर हात ठेवले. त्यांनी पेटीचं दार काढलं, टेबलफॅन आणून समोर लावला. बाबा स्टूल घेऊन माझ्याशेजारी बसले आणि दर थोड्या वेळाने पालथा हात लावून बघत राहिले.

“जळेल का हो हे?”

“हाताला सोसतंय तोवर चालू दे.”

एकदा त्यांनी हात चटकन मागे घेतला. बाबांनी पुन्हा हात लावला. “चालतंय. दमलंय, पण चालतंय.” मी तेव्हा ठरवलं, वितळलो तरी बेहत्तर, मध्ये थांबायचं नाही.

नाही थांबलो.

बुधवारी जेवणं झाल्यावर बाबा पडद्यासमोर इतके जवळ बसले की नाक टेकेल. नळीतून पाहायचं म्हणून मान इकडून तिकडे फिरवत त्यांनी आईला तुकड्या तुकड्यांनी पाहिलं. आधी डोळे, मग सायकलचं हँडल, मग हसणं. “अहो, बंद करा ते!” आई ओरडली. “नाही करत, जा,” बाबा पडद्याला म्हणाले. बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत बाबांनी ती फिल्म तीनदा पाहिली.

ऑपरेशन झालं. नजर टिकली नाही.

भाऊजी ठरल्याप्रमाणे आठवड्याने आले. झालेला प्रकार ऐकून घेतला आणि म्हणाले, “मी म्हणालोच होतो, भानगड कार्डाचीच आहे.” मग जाता जाता त्यांनी माझा आवाज ऐकला. “काय घरघरतंय! नवीन घ्या. हल्लीची कार्डं काय मस्त असतात, तासन्‌तास चालवा, हाताला जाणवत सुद्धा नाहीत.”

बाई म्हणाल्या, बघू. म्हणजे घेतील बहुतेक. माझी तक्रार नाही, माझे पंखे खरंच गेलेत.

पण रोज दुपारी बाबा अजून त्याच स्टुलावर येऊन बसतात. बाई फिल्म लावून देतात. आईचा आवाज येतो आणि बाबा हाताची पालथी बाजू माझ्यावर टेकवतात. तेवढ्यासाठी मी जरा जास्तच तापतो, हे कुणाला सांगू नका. मग ते हळूच म्हणतात, “आहे. चालू आहे.”

तेव्हा बाई, मला काढायचं तर खुशाल काढा. फक्त सकाळी गुपचूप काढू नका. दुपारी बाबा येतील, हात लावतील, आणि तिथे काहीतरी थंड लागेल. आधी त्यांना सांगा.