अभिनंदनाचं पत्र

आमच्या संस्थेचे विश्वस्त तिघं. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर, खजिनदार दातांचा डॉक्टर आणि मी, तीस वर्षं लोकांचे कपडे शिवून डोळे घालवलेली शिंपीण. पगार शून्य, मान भरपूर. नवऱ्याचा मार खाऊन पळून आलेल्या बायकांना आम्ही वरच्या मजल्यावर आसरा देतो. ते काम सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. त्याआधी नुसत्या शिष्यवृत्त्या द्यायचो.

अर्ज मंजूर झाला की घरी अभिनंदनाचं पत्र पाठवायचं, ही हेडमास्तरांची जुनी हौस. ती आसऱ्याच्या अर्जांनाही तशीच चालू राहिली. गठ्ठ्यावर सह्या मी ठोकायची, गप्पा मारता मारता, न वाचता. एक पत्र वरच्या मजल्यावरच्या एका पोरीच्या घरी गेलं. म्हणजे तिच्या नवऱ्याच्या हातात. वर आमचा पत्ता छापलेला.

मंगळवारी सकाळी बैठक चालू असताना त्यानं लाथ घालून दार उघडलं. एका हातात पत्र, दुसऱ्यात हातोडा.

"कुठाय ती?"

"हे पाहा, आधी बसून घ्या," हेडमास्तर म्हणाले, एखाद्या पालकाला सांगावं तसं.

हातोडा त्यांच्या जबड्यावर बसला. दात टेबलावर सांडले. दातांचा डॉक्टर तोवर टेबलाखाली शिरला होता. "वर आहे, वर!" तो तिथूनच किंचाळला. त्या नामर्दाला मी अजून माफ केलेलं नाही.

नवरा जिन्याकडे धावला. मी मागून त्याची कॉलर धरली. त्यानं माझा डावा हात कठड्यावर आपटला, हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. उजव्या हातानं मी पिशवीतली कापड कापायची कात्री काढली आणि त्याच्या मांडीत मुठीपर्यंत खुपसली. मला वाईट वाटलं नाही. तो गुरासारखा ओरडत खाली कोसळला.

आवाज ऐकून पोरगी खाली आली. तिनं पडलेला हातोडा उचलला आणि त्याच्या उजव्या पंजावर घातला. मग पुन्हा घातला. तिसऱ्या वेळेला मी तिला मागे ओढलं.

पोलीस त्याला घेऊन गेले. पोरीनं फरशीवरचं रक्ताळलेलं पत्र उचलून शेवटपर्यंत वाचलं.

"ही सही कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. खोटं बोलायचं मनात आलं होतं.

टेबलावरचं कापड फाडून तिनं माझा हात गळ्यात बांधून दिला, गाठ बेताची, कुठे काचणार नाही अशी. मग वर जाऊन आपली बॅग घेऊन आली.

"अगं, तो आत गेलाय आता. कुठे निघालीस?"

"त्याचा भाऊ बाहेर आहे ना." तिनं चप्पल पायात सरकवली. "कुठे ते कुणालाच सांगणार नाही, मावशी. तुम्हाला तर नाहीच."