पावडरीचा वास

"दाजी, थांबा की वाईच! एक हंडा भरून घेऊ द्या."

गोजराबाई पळतच आली. वाल्मीक विहिरीच्या कठड्याशी बादलीत काठी फिरवत राहिला.

"आज न्हाई," तो म्हणाला.

"सांगावा न्हाई, काय न्हाई. आसं कुटं आस्तं व्हय?"

असं कुठे नव्हतं, हे खरं. वाल्मीक लोकल बोर्डाचा माणूस. माण, चांदे, भूगाव अशा गावांच्या विहिरींत जंतू मारायची पावडर टाकायची, पाण्याला तिचा वास लागला का ते पाहायचं आणि सायकल पुढच्या गावाला वळवायची, एवढंच त्याचं काम. पावडर पडली की चहा बिघडतो, डाळ शिजत नाही, अशी बायकांची तक्रार. म्हणून तो आदल्या दिवशी सांगावा धाडायचा. त्यातून चांदे म्हणजे त्याची सासुरवाडी. जावयाने न सांगता सासुरवाडीचं पाणी नासवायचं, हे बरं दिसतं का? सांगावा आला की बायका घरातलं होतं नव्हतं ते भांडं भरून ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, टाका आता खुशाल. विहिरीला औषध, गाव बिनऔषधाचं. सरकारही खूश, बायकाही खूश.

गेल्या खेपेला त्याची बायको सारजा चांद्याला, माहेरी निघाली होती. म्हणाली, "आईकडचा च्या तरी पावडरीबिगर पिऊ द्या." त्याने सांगावा धाडला. तिने आपल्या हातांनी आईचा रांजण काठोकाठ भरला. गावात पटकीची साथ आली, आणि रांजणातलं पाणी संपायच्या आत सारजा गेली.

डॉक्टरांनी विचारलं, "विहिरीत पावडर टाकली होती का?"

तो म्हणाला, "टाकली व्हती." खरंच टाकली होती.

त्याला रडू आलं नाही. लोक म्हणाले, गडी घट्ट हाय. घट्ट कसला! बसून बसून पाय मेला की तो आपला वाटत नाही ना, तसं त्याचं सगळं अंगच झालं होतं. दिवस घातले, सायकल पुसली, कामावर आला.

"एकच हंडा, दाजी. घरात लेकरं हायेत."

"तिनंबी एकच रांजण भरला व्हता," वाल्मीक म्हणाला.

गोजराबाईने हंडा खाली ठेवला.

पावडरीतला चुना बादलीच्या तळाला बसल्यावर त्याने वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं, बादली दोराने विहिरीत सोडली आणि वरखाली हिसळत राहिला. मग औषध मुरायला हवं म्हणून कठड्याला टेकून बसला. बायका कुजबुजत उभ्या होत्या. एकीनेही कळशी बुडवली नाही, पण घरीही कोणी गेली नाही.

बऱ्याच वेळाने त्याने पाणी शेंदून तांब्या भरला. पुढचं काम अवघड होतं. इतकी वर्षं पावडर हाताळून त्याचं नाक मेलं होतं. तो प्रत्येक विहिरीची बाटली घरी न्यायचा आणि सारजापुढे धरायचा. ती "शी! तिकडं न्या" म्हणाली, की विहीर पास. ही तपासणी बोर्डाला ठाऊक नव्हती.

"कुणीतरी वास घ्या," तो म्हणाला. "मला येत न्हाई."

"का? नाकबी सारजीसंगं गेलं व्हय?" गोजराबाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"गेलं," वाल्मीक म्हणाला.

मागे, बाभळीखाली त्याची सासू धोंडाबाई उभी होती. लेक गेल्यापासून ती जावयाशी बोलली नव्हती. तो रांजण तिने परसात पालथा घातला होता. ती पुढे आली आणि तिने त्याच्या हातातून तांब्या घेतला.

तिने वास घेतला. नाक मुरडलं. डावीकडून जरा जास्तच. सारजा अगदी असंच मुरडायची.

"शी!"

"येतोय, मामी?"

"लई घाण येतोय."

मग डोळे मिटून तिने तांब्या तोंडाला लावला आणि सगळ्या बायकांदेखत रिकामा केला. पदराने तोंड पुसलं. काखेतली कळशी त्याच्या पुढ्यात सरकवली.

"भरा, जावयबापू."

त्याने भरली. ती डोक्यावर घेऊन धोंडाबाई वाटेला लागली. गोजराबाईने आपला हंडा पुढे केला. तिच्यामागे आणखी कोणाची तरी कळशी कठड्यावर वाजली.

वाल्मीकने रिकामा तांब्या नाकाशी धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग पुन्हा दोर सोडला.