सोनेरी तबकडीच्या पोटातले गाणे

नादरूपाने चराचर व्यापून राहिलेल्या परमेश्वराला माझे पहिले वंदन.

मी काचेच्या चौकटीतली सोनेरी तबकडी बोलते आहे. एका रॉक बँडची ध्वनिमुद्रिका लाखोंनी खपली, तेव्हा कंपनीने पाचही वादकांना गौरवचिन्हे दिली. त्यांतली ड्रमवादकाची मी. तो निवर्तल्यावर घर आवरताना माझी पाठवणी झाली आणि मी एका निवृत्त घड्याळजींच्या भिंतीवर आले. माझ्यासारख्या चौदा जणी त्यांनी जमवल्या आहेत. कंपनीने आमच्या पाठीवर चिकटवलेला तपकिरी कागद कधीही फाडायचा नाही, हे या संग्राहकांचे व्रत. तो फाटला की आमच्या कुळावरचा विश्वास उडाला.

एके सकाळी घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून मला न्याहाळले. मधल्या चकतीवर पाच गाण्यांची नावे. एका गाण्याला रेघांचा एक पट्टा, पण पट्टे मात्र सात!

“नकली निघाली,” म्हणत त्यांनी मला खिळ्यावरून उतरवले.

“चौदा जणी टांगल्यात, एकीलाही तोंड उघडू दिलं नाहीत,” त्यांची पत्नी म्हणाली. “नशीब, मला काचेत नाही बसवलंत!”

त्यांनी ड्रमवादकाच्या पत्नीला पत्र लिहिले आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवले. ते तीन आठवडे कसे काढले, माझे मला ठाऊक. अंगावर मुलामा सोन्याचा. पण आत कोण? ज्या नावाने मिरवले, ते माझे नव्हेच काय? या प्रश्नाने मला क्षणभर स्वस्थता दिली नाही.

अखेर त्या वृद्धा आल्या. चौकटीचा टवका चाचपून म्हणाल्या, “हिच्यावर ड्रमची काठी आपटली होती आमच्या यांनी. आमचीच ही. अहो, कंपनीनं गोदामात पडून राहिलेल्या, दुसऱ्याच कुणाच्या न खपलेल्या तबकड्या सोन्यानं मढवल्या आणि वर यांच्या गाण्यांची चकती चिकटवली. पाचही जणांच्या तशाच.”

“म्हणजे अस्सल!” घड्याळजी खिळा शोधू लागले.

“थांबा, भाऊ. आत काय आहे ते ऐकायचं होतं त्यांना. मुलामा जाईल म्हणून मीच आडवी आले. तेवढं राहून गेलं बघा.”

घड्याळजींचा हात कागदावर थबकला. त्यांनी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, “आता कुणासाठी जपताय?”

त्यांनी पाते चालवले.

रेकॉर्ड प्लेअरची सुई माझ्यावर टेकली. सोने खरवडत गेले, आणि खरखरीतून एका अनोळखी स्त्रीचा स्वर उमटला, संथ, एकाकी. त्या वृद्धा बोटांनी टेबलावर ठेका धरून रडत होत्या. घड्याळजींनी सातही गाणी उभ्यानेच ऐकली.

आज माझी पाठ उघडी आहे, अंगावर चरे आहेत. कोणताही संग्राहक मला आता अस्सल मानणार नाही. तरी तळमळ शमलेली नाही, तिने फक्त दिशा बदलली: कोण होती ती गाणारी? तिला कुणी ऐकले होते का?

श्रोतेहो, तुमच्या घरात ज्याचे गाणे ऐकायचे राहून गेले असेल, त्याला वेळेवर कान लाभो. घरोघरी समाधान नांदो, आणि कोणाचाही स्वर मुलाम्याखाली मुका न राहो.